दोनशे छत्तीस

९ जानेवारी

प्रिय मामा,

सोबत डबा पाठवते आहे. आत मीटर, पट्ट्या, बोट टोचायचं पेन, त्याच्या सुया आणि एक वही. फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि फोन ठेवतोस, म्हणून यापुढे पत्र. कागदावर ‘हो हो’ लिहायला माणसाला लाज वाटते, असा माझा अंदाज आहे.

आधी नर्स म्हणून सांगते, भाची म्हणून नंतर ओरडेन. रोज सकाळी न्याहारीआधी इन्सुलिन, बारा युनिट. रोज संध्याकाळी जेवणाआधी बोट टोचून शुगर बघायची, वहीत लिहायची. दर दोन-तीन आठवड्यांनी आकडे मला पाठवायचे. मी ते आमच्या डॉक्टरांना दाखवणार, त्यावरून ते डोस ठरवणार. सकाळी इंजेक्शन घेतलंस की दुपारचं जेवण चुकवायचं नाही. गिऱ्हाईक दारात नागडं उभं असलं तरी.

तळपाय रोज बघ. हॉस्पिटलात तुझ्या टाचेतून शिलाई मशीनच्या सुईचं तुटकं टोक मी काढलं. ते तिथे किती दिवस होतं विचारल्यावर तू म्हणालास, “कसलं टोक?” पन्नास वर्षं पायमशीन चालवणाऱ्या माणसाचं हे उत्तर मला आवडलं नाही. पाय गेला की मशीन गेलं.

आईचं म्हणणं तुला माहीत आहे. दुकान बंद करायचं आणि तू आमच्याकडे, मागच्या खोलीत राहायला यायचं. मी तिच्याकडून एप्रिलअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. आकडे चांगले आले तर दुकान राहील. नाही आले तर मी स्वतः तुला न्यायला येईन. मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल मावत नाही. मी मोजलं आहे.

डब्यातलं कार्ड मशीनसमोर भिंतीवर लाव. घाम, थरथर, बडबड म्हणजे शुगर उतरली. लगेच चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचून बघायचं.

तुझी,
टाचणी


२४ जानेवारी

टाचणे,

डबा मिळाला. पाच वर्षांची असताना तू माझ्या दुकानात जमिनीवरच्या टाचण्या वेचायचीस, शंभराला एक बिस्किट या दराने. ऐंशी वेचून शंभर सांगायचीस. आता मोठी झालीस आणि मला टोचायला पेन पाठवतेस. तुझ्या शिक्षणाचं सार्थक झालं.

आकडे: ११२, ११८, १०९, १२१, ११५, ११९, १०८. पुढचे वेगळ्या कागदावर आहेत, तेही असेच. तुझ्या आईला दाखव. जमलं तर फ्रेम करून दाखव.

संध्याकाळी सहाला मोजतो. त्या वेळी हेडमास्तर बुद्धिबळाला खाली येतात, म्हणजे साक्षीदारही असतो. हेडमास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. निवृत्त. वय सत्तर, वजन माझ्या निम्मं. रोज पहाटे पाच मैल चालतात आणि चाललेला प्रत्येक मैल परत आल्यावर मला सांगतात. डबा बघून म्हणाले, “हा बेशिस्त लोकांचा रोग.” मी त्यांचा घोडा मारला.

तळपायाचं म्हणशील तर ट्रायलचा आरसा जमिनीवर आडवा टाकतो आणि त्यावर पाय धरून बसतो. काल वकील कोट न्यायला आले. म्हणाले, “काय बघताय?” म्हटलं, “अशील.” त्या तुटलेल्या टोकाची जखम भरली आहे.

कार्ड लावलं. गिऱ्हाइकं माप देताना ते वाचतात आणि आपल्याला घाम आलाय का ते बघतात.

मामा


६ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझे आकडे मी डॉक्टरांना दाखवले. ते चष्मा काढून हसले. त्यांना हसताना मी तीन वर्षांत दुसऱ्यांदा पाहिलं.

तुझा कागद मी आमच्या विभागाच्या भिंतीवर लावला आहे, नाव झाकून. वर लिहिलं आहे: ‘वय अडुसष्ट, एकटा राहतो, तरीही.’ रोज तीसेक जण तो वाचतात. एका आजोबांनी विचारलं, “हा माणूस खरा आहे का?” मी म्हटलं, “माझा सख्खा मामा आहे.” ते आपली वही पिशवीत घालून निघून गेले.

एक लिहिलं नाहीस. बोटं दुखतात का? सगळे पहिल्या पत्रात तेच लिहितात.

आईने मागच्या खोलीत ठेवलेला पलंग परत माळ्यावर टाकला.

टाचणी


२५ फेब्रुवारी

टाचणे,

बोटं ठणठणीत आहेत. दहाही. विचारल्याबद्दल आभारी आहे.

आकडे: १३१, १२८, १४४, १३९, १५८. थोडे चढलेत. हवामानाचा परिणाम असावा.

हेडमास्तर सध्या भलतेच खुशीत आहेत. तीन किलो उतरले. एकच पँट माझ्याकडून दोनदा आत घेऊन झाली. टेप लावला की छाती पुढे काढतात, पण टेपला काही फरक पडत नाही. एका डावात बाटलीभर पाणी पितात आणि दोनदा वर जाऊन येतात. म्हटलं, “हेडमास्तर, उंट झालात.” म्हणाले, “पाणी हेच औषध. तुम्हीही प्या.” माझा वजीर घेतला आणि तिसऱ्यांदा वर गेले.

भिंतीवरचा तो कागद काढलास तरी चालेल. मला प्रसिद्धीची आवड नाही.

मामा


१० मार्च

मामा,

परवाच्या चिठ्ठीतले आकडे मिळाले. १६१, १७०, १७६. हवामानाचा परिणाम छत्रीवर होतो, रक्तावर असा होत नाही.

काय खातोस ते खरं लिही. मी कुणाला सांगणार नाही. आमच्याकडे एक गृहस्थ बुटांच्या खोक्यात केक लपवायचे. बायकोला सापडला तेव्हा म्हणाले, बूट गोड लागतात. तुझं खोकं कोणतं?

डॉक्टरांनी डोस वाढवला आहे. बारावरून सोळा. कागद अजून भिंतीवर आहे. पुढचे आकडे मात्र मी लावले नाहीत.

टाचणी


१९ मार्च

टाचणे,

माझ्याकडे कोणतंही खोकं नाही. चहा बिनसाखरेचा घेतो. बिस्किटं बंद केली आहेत. तू सांगितलंस तेवढं आणि तेच खातो. मशीनची शपथ घेऊन सांगतो, म्हणजे मी ती किती गांभीर्याने घेतली ते कळेल.

सोळा घेतो आहे. सकाळी अकराच्या पुढे काजं करताना दोरा सुईत जात नाही. चष्मा बदलायला झाला.

आकडे: १८८, १९७, २०९, २१४.

एक सहज विचारतो. आकडा असा चढत गेला आणि माणूस म्हणत राहिला की मला काही होत नाही, मीटरच बिघडलंय, तर असं किती दिवस चालतं? सहज.

मामा


२ एप्रिल

मामा,

चष्मा बदलू नकोस. शुगर चढली की धूसर दिसतं. आकडे खाली आले की दोरा आपोआप सुईत जाईल.

डोस वीस. डॉक्टर या वेळी हसले नाहीत.

तुझ्या ‘सहज’चं उत्तर: फार दिवस चालत नाही. माणूस ‘काही होत नाही’ म्हणतो तोवर आत डोळे, मूत्रपिंडं, पाय एकेक करून राजीनामे लिहीत असतात. तू कुणाबद्दल विचारतो आहेस ते मला कळतं. घाबरला असशील तर ‘घाबरलो’ असं लिही, त्याला पट्टी लागत नाही.

आईला अजून बोलले नाही, पण पलंग तिने पुन्हा खाली काढला आहे. तीस तारखेला मी येते. हातातली कामं संपव, नवीन घेऊ नकोस.

टाचणी


१७ एप्रिल

आयुष्मती परिचारिका यांस,

आपला परिचय नाही. मी आपल्या मामांच्या वरच्या मजल्यावर राहतो. त्यांच्या पत्रांत माझा उल्लेख आला असेल. तो आदराने आला असेल, असा माझा समज नाही.

परवा काय घडलं ते त्यांनी आपल्याला फोनवर सांगितलं, असं ते म्हणतात. मी पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकत होतो. ते “जरा चक्कर आली” असं म्हणाले. म्हणून मी लिहीत आहे.

बँकेच्या पहारेकऱ्यांचे बारा कोट दुपारी एक वाजता द्यायचे होते. त्यासाठी मामांनी जेवण लांबवलं. मी माझी पँट घ्यायला पाऊण वाजता खाली गेलो. मामा एका पहारेकऱ्याला तयार कोट घालून बाह्या शेवटच्या मोजत होते. कपाळावरून घाम खडूवर ठिबकत होता. त्यांनी उजव्या बाहीचं माप लिहिलं, डाव्या बाहीचं लिहिलं आणि टेप घेऊन पुन्हा त्याच्या मागे गेले. मग म्हणाले, “तिसरा हात अठ्ठावीस.”

मी म्हणालो, “माणसाला दोन हात असतात.”

ते म्हणाले, “तुमच्या शाळेत, हेडमास्तर.”

मी आपलं कार्ड वाचलं. घाम होता, थरथर होती, बडबड नेहमीपेक्षा थोडीच जास्त होती. मी मामांना खुर्चीत बसवलं आणि साखर ढवळायला घेतली. पहारेकरी समोरच्या औषधांच्या दुकानात धावला. दुकानदार जेवायला गेला होता, म्हणून त्याचा मेहुणा आला. तो तिथे कंगवे आणि साबण विकतो. त्याने टेबलावरची वही उघडली आणि माझं मनगट धरलं.

“थांबा! काल संध्याकाळी दोनशे छत्तीस आहे. वर साखर पाजताय? मारायचंय का म्हाताऱ्याला?”

“सोडा,” मी म्हणालो.

“अहो, इंजेक्शन द्यायला पाहिजे. कुठाय ते?”

पहारेकऱ्यालाही ते पटलं. त्याने कपाटातून इन्सुलिनची बाटली शोधून काढली. मामा आरशातल्या स्वतःला विचारत होते की तुमचा कोट सिंगल ब्रेस्ट की डबल.

“ते दोनशे छत्तीस यांचे नाहीत,” मी म्हणालो.

“वहीवर यांचं नाव आहे.”

“नाव यांचं आहे. बोट माझं आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे ते माझे आहेत. जानेवारीपासूनचे सगळे माझे आहेत. आता हात सोडा.”

हे मी मोठ्याने बोललो तेव्हा मीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

मामा गिळू शकत होते. मी त्यांना घोट घोट करून सगळा ग्लास पाजला. मग पेनमध्ये नवी सुई घालून त्यांचं बोट टोचलं. एकोणपन्नास. पंधरा मिनिटांनी त्र्याऐंशी. मग मी त्यांना जेवायला बसवलं. भानावर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, “माझं बोट कुणी टोचलं?” आभाराचं वाक्य अजून यायचं आहे.

आता कबुली. जानेवारीत मामा म्हणाले, “तुमचं बोट द्या, माझी कामाची आहेत.” मी दिलं. ११२ आले. ते म्हणाले, “उत्तम, हेडमास्तर.” निवृत्त झाल्यापासून मला कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. म्हणून मी रोज येत राहिलो. आकडे चढू लागले तेव्हा मामांनी मला दोनदा डॉक्टरकडे चलायला सांगितलं. मीटर बिघडलं आहे असं मीच म्हणत होतो.

आकडे माझे, डोस त्यांचा. यातून काय निघणार हे मला कळायला हवं होतं. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं आणि कॉपी करणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं.

काल संध्याकाळचे माझे २४१ आहेत. पुढे काय करायचं ते कळवावं.

आपला,
हेडमास्तर (निवृत्त)


२० एप्रिल

दोघांनाही,

मामा, तू गाढव आहेस. हे नर्स म्हणून लिहिते. भाची म्हणून लिहिलं असतं तर पाकिटाने पेट घेतला असता.

हेडमास्तरांचं पत्र आल्यावर फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहिते, म्हणजे ‘हो हो’ चालणार नाही. डोस परत बारा. यापुढे तुझ्या डोसासाठी तुझंच रक्त. जेवण वेळेवर. कोट एक वाजता हवे असतील तर पहारेकरी दोन वाजेपर्यंत शर्टात उभे राहतील, बँक कुठे जात नाही.

हेडमास्तर, तुम्ही त्या दिवशी जे केलंत त्याबद्दल मामा आभार मानणार नाही, म्हणून मी मानते. आता तुमचं. सोमवारी सकाळी उपाशीपोटी तुमच्या जवळच्या दवाखान्यात जा. सगळे आकडे, उतरलेले किलो आणि पाण्याच्या बाटल्या तिथे सांगा. हा रोग बारीक माणसालाही होतो, पाच मैल चालणाऱ्यालाही होतो. तो शिस्त बघून घर निवडत नाही. स्वतःचं मीटर घ्या. एकाचं पेन दुसऱ्याला लावायचं नाही, सुई नवी असली तरी.

मामा, भिंतीवरचा कागद मी काढला. ते आजोबा आले होते. त्यांना सांगितलं, माणूस खरा आहे, आकडे खोटे होते. ते म्हणाले, “मग बरं वाटलं.” आणि पिशवीतून दुसरी वही काढली. त्यांच्याकडे दोन होत्या. मला दाखवायची एक आणि खरी एक.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चांगले आकडे आले तर दुकान राहील, असं मी तुला लिहिलं होतं. अशी अट घातली की चांगले आकडे येतातच. कुणाचे का असेनात. डोस डॉक्टरांनी वाढवला, पण कागद मी नेला होता. धूसर दिसण्याचं कारणही मीच तुला समजावलं. शुगर उतरल्यावरही तसंच दिसतं, हे मी रोज दहा जणांना सांगते.

म्हणून नवी अट. मेअखेरपर्यंत आकडे खरे हवेत. कितीही घाणेरडे असोत. खरे असतील तर दुकान राहील. चांगले असलेच पाहिजेत असं नाही, ते नंतर आपण तिघं बघू. मी तीस तारखेला येत नाही.

आणि बोटांचं. कामाची आहेत तर टोकाला टोचू नकोस. डाव्या हाताची करंगळी घे, नाहीतर तिच्या शेजारचं बोट. कडेला टोच. आधी कोमट पाण्यात हात धू, टोचून झाल्यावर मिनिटभर कापूस दाबून धर. एवढंच होतं तर विचारायचं होतंस. मीही विचारलं नाही. बोटं दुखतात का ते विचारलं, कशासाठी लागतात ते नाही.

आईला सगळं सांगितलं. ती अर्धा तास हसली, मग रडली, मग म्हणाली, मागच्या खोलीत दोघे मावतील का?

टाचणी


९ मे

टाचणे,

तू विचारलंस, म्हणून सांगतो.

अठरा वर्षांचा असताना मी उस्तादांकडे शिकत होतो. एका पांढऱ्या कोटाची कॉलर माझ्याकडे दिली होती. सुई बोटात गेली आणि एक थेंब कॉलरवर पडला. मी तो थुंकी लावून चोळला, त्याचा डाग रुपयाएवढा झाला. उस्ताद ओरडले नाहीत. तो कोट त्यांनी माझ्या अंगात घातला आणि मला दिवसभर दुकानाबाहेर उभं केलं. येणारा-जाणारा विचारायचा, काय रे, कुठे लागलं? त्यानंतर पन्नास वर्षांत माझ्या हातून कापडावर थेंब पडलेला नाही. आणि तू रोज एक काढायला सांगितलास, तोही मुद्दाम. हे पत्रात लिहिण्यासारखं वाटलं नाही. हेडमास्तरांचं बोट रिकामंच होतं.

वीस युनिट का घेतले, असं फोनवर विचारलंस. बाकी सगळं खोटं चाललं होतं. तू पाठवलेला डोस तरी खरा घ्यावा असं वाटलं. हे शहाणपणाचं नव्हतं हे मला बँकेच्या पहारेकऱ्यानेही सांगितलं. त्याचा कोट तीन बाह्यांचा झाला नाही याबद्दल तो समाधानी आहे.

आकडे, करंगळीच्या कडेचे: १६३, १७८, १५५, २२१, १४९, ७१, १८४, १६०.

२२१ची हकिगत. वकील खटला जिंकले, केक घेऊन आले. मी दोन तुकडे खाल्ले. दुसरा हेडमास्तरांचा होता, त्यांच्या प्रकृतीच्या काळजीने खाल्ला.

७१ला हात हलत होता. लगेच साखर घेतली, मग जेवलो. कुणाला बाही विचारली नाही.

आणखी एक. मंगळवारी आरशात डाव्या अंगठ्याखाली फोड दिसला. दुखत नव्हता, म्हणजे दिसला नसता तर कळला नसता. नव्या बुटाचा होता. हेडमास्तर मला दवाखान्यात घेऊन गेले. नर्सने पट्टी बांधली आणि चार दिवस मशीन बंद ठेवायला लावलं. चार दिवस हाताने काजं केली. काल पट्टी सुटली. आज सकाळी पाय मशीनवर ठेवला. चालतो.

हेडमास्तरांना गोळ्या सुरू झाल्या. स्वतःचं मीटर आहे, पण टोचायला खालीच येतात, एकट्याने टोचायचं धाडस होत नाही. परवा १९४ आले. म्हणाले, “१४९ लिहा. अंक तेच आहेत.” मी १९४ लिहिलं आणि खाली त्यांची सही घेतली. सही करताना म्हणाले, “कठोर आहात.” म्हटलं, “वर्गाबाहेर उभं राहायचं का?” लगेच खुर्चीत बसले. पँट आता एका बोटाने बाहेर सोडायला लागणार आहे. त्यांनी अजून मागितलेली नाही, मी खूण करून ठेवली आहे.

तुझ्या आईला सांग, पलंग माळ्यावर टाकायला माणूस लागला तर आम्ही दोघं येऊ. इस्त्रीचं टेबल आणणार नाही.

वर २२१च्या शेजारी एक डाग पडला आहे. आधी वाटलं, नवा कागद घ्यावा. मग म्हटलं, असू दे.

शाईचा नाही.

मामा